तीन स्टेशनांवरचं अथेन्स

आमच्या टीममधे दर शुक्रवारी संध्याकाळी एक वाद ठरलेला असतो. शेवटचा बिल्ड लावून झालेला असतो, तो पास होईपर्यंत उठता येत नाही, मग कोणीतरी स्पीकरवर गाणी लावतं आणि कोणीतरी म्हणतं की आपल्याकडे एकही धड रॉक बँड झाला नाही. त्यावरची उत्तरंही ठरलेली. एक पार्टी म्हणते टॅलेंटच नाही. दुसरी म्हणते बॉलिवूडने सगळं गिळलं. तिसरी (ही पुण्याची पार्टी) म्हणते की ते संगीतच मुळात आपलं नाही. मला तिन्ही उत्तरं पटत नाहीत. का पटत नाहीत ते कॉफी मशीनपाशी उभं राहून सांगण्यासारखं नाही, म्हणून हा लेख. जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

सुरुवात लांबून करतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं एक गाव आहे. १७८५ साली सनद मिळालेली जॉर्जिया युनिव्हर्सिटी तिथे आहे आणि गाव म्हणजे ती युनिव्हर्सिटी, शिवाय तिच्या भोवती उगवलेले बार, खानावळी आणि पोरांना भाड्याने दिलेली जुनी घरं. १९७९-८० च्या सुमारास तिथल्या वक्स्ट्री नावाच्या रेकॉर्डच्या दुकानात पीटर बक नावाचा पोरगा काउंटरवर असायचा. मायकल स्टाइप हा चित्रकला शिकणारा विद्यार्थी तिथे यायचा, आणि बकने स्वतःसाठी बाजूला काढून ठेवलेल्या रेकॉर्डी नेमका तोच विकत घ्यायचा. तिथून दोस्ती. दोघं एका जुन्या, प्रार्थना बंद पडलेल्या चर्चमधे भाड्याने राहायला लागले. मेकन गावाहून शिकायला आलेले माइक मिल्स आणि बिल बेरी त्यांना येऊन मिळाले. ५ एप्रिल १९८० ला एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला त्याच चर्चमधे हे चौघं पहिल्यांदा लोकांसमोर वाजले. हा आर.ई.एम. १९८१ ला पहिली छोटी रेकॉर्ड, १९८३ ला 'मर्मर' हा पहिला अल्बम, १९९१ ला 'लूझिंग माय रिलिजन'. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. नसेल तर युट्यूब आहेच.

आता ही गोष्ट सांगताना लोक नेहमी त्या चौघांच्या टॅलेंटवर येऊन थांबतात. माझं लक्ष दुसरीकडे जातं. रेकॉर्डचं दुकान, फुकटात वाजवू देणारं चर्च, ४० वॉट नावाचा क्लब, विद्यार्थ्यांनी चालवलेलं रेडिओ स्टेशन, आणि दुपारी काही काम नसलेली हजारो पोरं. हे सगळं चालत जाण्याच्या अंतरात. त्यांच्या आधी याच गावातून द बी-५२'ज हा बँड गाजून गेला होता, म्हणजे आपल्या गल्लीतलं कोणीतरी करून दाखवलंय हेही त्यांना माहीत होतं.

अशी जागा आपल्याकडे कुठे होती? मी भायखळ्याला राहतो. भायखळ्याहून स्लो लोकल पकडली की सँडहर्स्ट रोड, मग मशीद, आणि तिसरं स्टेशन सीएसएमटी. बाहेर पडून दहा मिनिटं चाललं की धोबीतलाव. माझं म्हणणं असं आहे की मुंबईच्या पोटात एक छोटं कॉलेजचं गाव दडलेलं होतं आणि ते हे.

बघा ना. १८६९ सालचं झेवियर्स कॉलेज तिथे. सीएसएमटीच्या समोरच्या अंगाला जे.जे. कला महाविद्यालय आणि आर्किटेक्चर कॉलेज. थोडं पुढे काळा घोड्याला एल्फिन्स्टन, आणि तिथेच रिदम हाऊस, जिथे दोन-तीन पिढ्यांनी उभ्याउभ्या गाणी ऐकली आणि क्वचित विकतही घेतली (ते २०१६ च्या फेब्रुवारीत बंद झालं). धोबीतलावच्या नाक्यावर जेर महालात फुर्ताडोज, १८६५ पासूनचं वाद्यांचं दुकान. आसपास गोव्याच्या गावागावांचे कूड, म्हणजे मुंबईत उतरणाऱ्या गावकऱ्यांसाठीच्या सामायिक खोल्या. असे कूड माझगावातही होते. त्यांत खलाशी असायचे तसेच व्हायोलिन-ट्रम्पेट वाजवणारेही असायचे, जे संध्याकाळी हॉटेलात जॅझ वाजवत आणि सकाळी हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जात. आणि या सगळ्याच्या मधोमध, झेवियर्सच्या मागच्या गल्लीत, रंगभवन.

माझ्या वयाच्या लोकांना रंगभवन हे नाव वेगळ्याच कारणाने माहीत आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले ती गल्ली म्हणजे रंगभवनची गल्ली. मी तेव्हा शाळेत होतो. टीव्हीवर ते नाव दिवसभर ऐकलं आणि इतकी वर्षं मला ते एका गल्लीचंच नाव वाटत होतं. तिथे एक उघड्यावरचं नाट्यगृह आहे आणि त्यात काय काय वाजून गेलंय, हे कळायला कॉलेज संपावं लागलं.

काय वाजून गेलंय? १९७८ ला 'जॅझ यात्रा' सुरू झाली तेव्हा सॉनी रोलिन्स इथे वाजवून गेला. २६ मार्च १९८० ला 'द पोलिस' हा बँड इथे वाजला, आणि तो कार्यक्रम कोणी ठरवला होता, तर टाइम अँड टॅलंट्स क्लब या मुख्यतः पारशी बायकांच्या सेवाभावी संस्थेने! तारीख परत वाचा. आर.ई.एम.चा तो चर्चमधला पहिला कार्यक्रम त्यानंतर बरोबर दहा दिवसांनी.

हा नुसता योगायोग म्हणून सोडून देता आला असता, पण धागा पुढे जातो. पोलिसचा ड्रमर स्टुअर्ट कोपलंड. त्याचा एक भाऊ माइल्स, हा पोलिसचा मॅनेजर. दुसरा भाऊ इयन, हा अमेरिकेत बँडांचे कार्यक्रम ठरवून द्यायचा. हा इयन आधी मेकनला एका एजन्सीत होता, आणि तिथे ऑफिसात पडेल ते काम करणारा पोरगा होता बिल बेरी. या ओळखीतून १९८२ ला माइल्सच्या कंपनीने आर.ई.एम.ला करारबद्ध केलं, आणि १८ ऑगस्ट १९८३ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममधे पोलिसच्या आधी आर.ई.एम. वाजला. म्हणजे जो बँड १९८० च्या मार्चमधे धोबीतलावला येऊन गेला, त्याच घरच्या माणसांनी अथेन्सच्या पोरांना पुढे नेलं. धोबीतलावच्या पोरांनी ऑटोग्राफ घेतले असतील. पुढे न्यायला कोणी नव्हतं. नेणार तरी कुठे?

पण पोरं होती, आणि चांगली होती. १९७०-७१ च्या दोन सिमला बीट स्पर्धा एका सिगरेट कंपनीने भरवल्या, आणि देशभरातले बँड षण्मुखानंद हॉलमधे येऊन वाजवून गेले. सॅव्हेजेस हा बँड होता, ज्यात जे.जे.ला आर्किटेक्चर शिकायला आलेला रेमो फर्नांडिस गायचा. अॅटॉमिक फॉरेस्ट होता. आणि या गर्दीत एक आपला माणूस होता, ज्याच्यावर मराठीत फार कमी लिहिलं जातं याचा मला राग येतो. नंदू भेंडे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा मुलगा, म्हणजे मराठी नाटकाच्या थेट घरातला. त्याने १९७४ ला अलेक पदमसींच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मधे जुडास गायला. इंग्रजी रॉक इतक्या दमदारपणे गाणारा हा माणूस चार वर्षांनी पु.लं.च्या 'तीन पैशाचा तमाशा'त अंकुश म्हणून उभा राहिला, आणि त्या नाटकाच्या संगीतातही भास्कर चंदावरकर आणि आनंद मोडक यांच्याबरोबर त्याचा हात होता. जे मुद्दाम करायला गेलं तर हास्यास्पद झालं असतं (मराठी रॉक!) ते या माणसाने सहज करून टाकलं. पण बाहेरच्या जगाला तो कशासाठी आठवतो? १९८२ च्या 'डिस्को डान्सर'मधल्या एका गाण्यासाठी. २०१४ च्या एप्रिलमधे तो गेला, तेव्हा बऱ्याच लोकांना ते गाणं त्याचं होतं हेच पहिल्यांदा कळलं. 'ते संगीत आपलं नाही' म्हणणाऱ्या पार्टीसाठी माझ्याकडे एवढं एक नाव पुरेसं आहे.

आता मुख्य गोष्टीवर येतो. १९८४ साली मुंबईत रॉक मशीन नावाचा बँड उभा राहिला. पहिल्या एक-दोन वर्षांत माणसं बदलली, मग जी टीम जमली ती अशी: गायला उदय बेनेगल, गिटारवर महेश टिनईकर आणि जयेश गांधी, बासवर मार्क सेल्विन, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, ड्रम्सवर मार्क मेनेझिस. नावं एका ओळीत वाचा, धोबीतलावच्या चौकात उभं राहून हाका मारल्यासारखं वाटतं. १९८६ ला फरहाद वाडियाने १५ ऑगस्टच्या आसपास रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू केला. आय-रॉक. पावसाळ्यात, उघड्यावर. छत्र्या, चिखल, काळे टीशर्ट. पुढची पंधराएक वर्षं देशातल्या कुठल्याही बँडला 'तुम्ही आय-रॉकला वाजलात का' हाच प्रश्न विचारला जायचा.

त्या काळात भारतातला रॉक बँड म्हणजे दुसऱ्यांची गाणी हुबेहूब वाजवणारी मंडळी. जितकं हुबेहूब, तितक्या टाळ्या. इलेक्ट्रिक गिटार बाहेरून आणायची तर आयात शुल्कात माणूस बुडायचा, म्हणून बरेच जण कलकत्त्याच्या गिव्हसनवर शिकले. अशा वातावरणात रॉक मशीनने ठरवलं की आपण आपली गाणी वाजवायची. १९८८ ला त्यांचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' आला, सगळी गाणी स्वतःची. १९९० ला 'द सेकंड कमिंग'.

हा निर्णय किती कठीण होता हे समजायला जरा आपल्या धंद्यातली भाषा वापरतो. तुम्ही कोड लिहिता, रिलीज करता, वापरणारे शिव्या घालतात, तुम्ही सुधारता. आठवड्याला एक रिलीज असेल तर वर्षाला बावन्न वेळा सुधारायची संधी. गाण्याचंही तसंच. नवं गाणं पहिल्यांदा ऐकून कोणालाच आवडत नाही. तिसऱ्यांदा ऐकल्यावर डोकं हलतं, सातव्यांदा शब्द येतात, दहाव्यांदा ते 'आपलं' होतं. आर.ई.एम.ने 'मर्मर'मधली गाणी अल्बमच्या आधी दक्षिणेतल्या छोट्या छोट्या क्लबांत, व्हॅनमधे झोपून, रात्रीमागून रात्री वाजवली होती. प्रत्येक गावात एक कॉलेज, प्रत्येक कॉलेजात एक रेडिओ स्टेशन, आणि प्रत्येक स्टेशनवर दोन वाजता जागा असलेला एखादा वेडा पोरगा रेकॉर्ड लावायला. ऐकणाऱ्याला दहावी वेळ मिळायची.

रॉक मशीनला काय होतं? वर्षातून एकदा आय-रॉक. मग आयआयटी आणि इंजिनियरिंग कॉलेजांचे फेस्टिव्हल, तेही वर्षातून एकदा, एका शहरात एक, आणि पुढच्या वर्षी समोरचे अर्धे विद्यार्थी पास होऊन गेलेले. रेडिओ सरकारी. मुंबई आकाशवाणीवर शनिवारी रात्री 'सॅटरडे डेट' असायचा, त्यात फर्माइशी परदेशी गाण्यांच्या. म्हणजे प्रेक्षकाला तुमचं गाणं बारा महिन्यांत एकदा ऐकू येणार. अशा प्रेक्षकाने 'ते माहितीतलं वाजवा रे' म्हणून ओरडण्यात त्याची चूक ती काय? आपण त्याला उगाच अडाणी ठरवतो. रिलीज सायकल एक वर्षाची असेल तर जगातली कुठलीही टीम जुनंच कॉपी करत बसेल.

१९९१-९२ ला स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही आला आणि थोडा काळ वाटलं की ही अडचण सुटली. आता गाणं दिवसातून चार वेळा घरात ऐकू येणार. १९९३ ला बँडने नाव बदलून इंडस क्रीड केलं. रॉक मशीन हे नाव जगातल्या कुठल्याही बँडचं असू शकलं असतं, इंडस क्रीड नव्हतं. 'प्रीटी चाइल्ड'च्या व्हिडिओला एमटीव्हीचं आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचं बक्षीस मिळालं. १९९५ ला त्याच नावाचा अल्बम आला. दोन वर्षांत, १९९७ ला, बँड संपला. कारण तोवर वाहिन्यांना कळलं होतं की या देशात हिंदी लावलं की जास्त घरं बघतात. इंडीपॉपची लाट आली, त्यामागून सिनेमाचीच गाणी परत आली. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे आम्स फॉर शांती हा बँड केला. (योगायोग आवडणाऱ्यांसाठी: बिल बेरीने आर.ई.एम. सोडला तोही १९९७ लाच. पण ते चौदा वर्षं पुढे चालत राहिले.) इंडस क्रीड २०१० ला परत जमला, २०१२ ला 'इव्हॉल्व्ह' आला. मला हा त्यांचा सर्वांत चांगला अल्बम वाटतो आणि यावर शुक्रवारी कोणीही माझ्याशी भांडावं.

बॉलिवूडने गिळलं म्हणणाऱ्यांचं थोडं खरं आहे, पण उलट्या बाजूने. पेंटाग्राम घ्या. १९९३-९४ चा मुंबईचाच बँड, २००५ ला इंग्लंडात ग्लास्टनबरीला वाजून आला. त्याचा गायक विशाल ददलानी म्हणजे विशाल-शेखरमधला विशाल. सिनेमातल्या कामामुळे बँड चालू ठेवता आला असं मी म्हणेन. जसं धोबीतलावच्या कुडातला ट्रम्पेटवाला सकाळी स्टुडिओत वाजवून रात्री जॅझ वाजवायचा. पगार एकीकडे, जीव एकीकडे. आयटीत असलेल्या माणसाला हे समजावून सांगायला लागू नये.

मग रंगभवन गेलं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्यापासून शंभर मीटर म्हणजे शांतता क्षेत्र. रंगभवनच्या भोवती जी.टी. हॉस्पिटल, कामा हॉस्पिटल, झेवियर्स शाळा आणि किल्ला कोर्ट! त्याहून अडचणीची जागा शोधून सापडली नसती. काही वर्षांतच तिथला रॉक बंद झाला. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. कामा हे बायका-मुलांचं हॉस्पिटल आहे, तिथल्या बाळंतिणीला हेवी मेटलचं काय कौतुक? पण रंगभवन घेतलं त्याबदल्यात तेवढ्याच पैशात, स्टेशनपासून चालत जाता येईल अशी दुसरी जागा कोणीही दिली नाही. आय-रॉक मग या मैदानातून त्या मैदानात फिरत राहिला.

२००७ च्या शेवटी लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग उघडला. आवाज उत्तम, आठवड्यातले बहुतेक दिवस कार्यक्रम, म्हणजे ती दहावी वेळ मिळायची सोय पहिल्यांदाच झाली. २०१६ ला तोही बंद. मी तेव्हा इंजिनियरिंगला होतो. जेमतेम दोनदा गेलो, एकदा फुकट प्रवेशाच्या वेळी, आणि दुसऱ्यांदा आत एका ग्लासाची किंमत बघून पाणी पिऊन बाहेर आलो.

आणि इथे मला स्वतःच्याच सिद्धांताबद्दल थोडं अस्वस्थ वाटतं. ब्लू फ्रॉग होता ते गिरणीचं आवार. रॉक मशीन जमला त्याच्या दोन वर्षं आधी, १८ जानेवारी १९८२ ला, गिरणी संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. धोबीतलावचं ते छोटं गाव आमच्याकडून तीन स्टेशनांवर होतं, पण भायखळा-लालबागच्या किती पोरांना त्याचा पत्ता होता? आमच्या बाजूच्या पोरांचा इलेक्ट्रिक बँड वेगळा होता. बेंजो पार्टी. टाइपरायटरसारखी बटणं असलेला बेंजो, अँप्लिफायर, ढोल, ताशा, कीबोर्ड, सगळं एका हातगाडीवर किंवा ट्रकवर. गणपती, हळदी, नवरात्र, सत्यनारायणाची पूजा, वर्षभर सुपाऱ्या. त्यांना रस्ता होता, प्रेक्षक होता, दहावी वेळच काय, शंभरावी वेळ होती. फक्त गाणी सिनेमाची नाहीतर कोळीगीतं. तिकडे धोबीतलावला स्वतःची गाणी होती आणि वाजवायला जागा नव्हती. मधे तीन स्टेशनं आणि एक इंग्रजी भाषा. हे दोघं कधी एका स्टेजवर आले असते तर काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. हल्ली परळच्या कारखान्यांतून गणपती निघतात तेव्हा जोगेश्वरी बीट्स, वरळी बीट्स वगैरे मंडळींभोवती जी गर्दी होते, ती बघून आर.ई.एम.च्या मॅनेजरनेसुद्धा खिशातून कार्ड काढलं असतं.

एक गोष्ट राहिली. हे सगळं मोठ्या शहरातच होतं असं नाही. रेमो गोव्याला परत गेल्यावर त्याने १९८४ ला शिवोलीतल्या घरात चार ट्रॅकच्या यंत्रावर 'गोअन क्रेझी' रेकॉर्ड केला आणि स्वतःच्या स्कूटरवर कॅसेटी ठेवून दुकानोदुकानी विकल्या. 'इंडी' हा शब्द आपल्याकडे यायच्या आधी. आणि भारतीय रॉकला एकत्र बांधणारं 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक १९९३ ला निघालं ते मुंबईतून नाही, दिल्लीतूनही नाही, अलाहाबादहून. अमित सैगलने काढलं. अलाहाबाद म्हणजे खरंखुरं कॉलेजचं गाव. तिथे बसून त्याने पुढे देशभरातल्या बँडांची स्पर्धा आणि मैफली उभ्या केल्या. जानेवारी २०१२ मधे गोव्यात समुद्रात बुडून तो गेला. इंडिया आणि भारत असले वाद घालणाऱ्यांनी या माणसाबद्दल वाचावं.

अथेन्सचं ते चर्च १९९० ला पाडलं, पण त्याचा मनोरा ठेवला. लोक त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतात.

बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर आय-रॉक परत झाला तो नोव्हेंबर २०२२ मधे, माझगावच्या बेव्ह्यू लॉन्सवर, भाऊच्या धक्क्याच्या बाजूला. म्हणजे यावेळी तोच आमच्याकडे आला. मी भायखळ्याहून चालत गेलो. अर्धे प्रेक्षक पन्नाशीच्या आसपासचे, जुने काळे टीशर्ट पोटावर ताणलेले, काही जण मुलांना घेऊन आलेले. स्टेजवर इथल्याच एका बँडचं वीसेक वर्षांपूर्वीचं गाणं सुरू झालं. माझ्या पुढचे एक काका, कपाळाला गंध, हातात मुलीची पाण्याची बाटली, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत गात होते. एक शब्द चुकला नाही.